ओढ्यापलीकडचे मेपल

गिरमिटाच्या टोकाशी पांढरा भुसा आला आणि कोरालीच्या जिवात जीव आला. पांढरा म्हणजे जिवंत लाकूड. तपकिरी आला की समजायचं, जुन्या भोकामागच्या मेलेल्या लाकडात घुसलो. तिथून रसाचा थेंब यायचा नाही. तिने तोटी ठोकली, तोटीला नळी लावली. पाठीवरच्या झोळीत फ्लावी शांत होती. फारच शांत. कोरालीने हातमोजा काढून हात मागे नेला, लेकीच्या नाकाखाली धरला. श्वासाची ऊब लागली, तेव्हाच ती पुढच्या झाडाकडे निघाली.

नवरा, रेमी, उत्तरेला धरणाच्या कामावर होता. शनिवारी यायचा होता. पण रेडिओने उद्यापासूनच ऊन सांगितलं होतं, आणि ऊन पडलं की मेपलच्या खोडातला रस वाहू लागतो, कुणाची वाट बघत नाही. ओढ्याअलीकडची झाडं तिने एकटीने उरकत आणली होती. एका झाडावरून दुसऱ्या झाडाकडे गेलेल्या नळ्या तिच्या छातीशी होत्या. एवढ्या खाली. त्या पाहिल्या की अजूनही तिच्या कपाळाला आठी पडायची.

गेल्या वर्षी सगळं रान सासऱ्यांनीच केलं होतं. अलीकडचं आणि पलीकडचंही. ओनिल ताडमाड माणूस. त्यांच्या नळ्या कायम डोक्यावरून जायच्या, म्हणजे बर्फ कितीही पडो, गाडल्या जायची भीती नाही. गेल्या वर्षी मात्र त्यांनी भोकं खाली पाडली, नळ्याही खाली उतरवल्या. ऐन मार्चात मोठा बर्फ पडला. नळ्या गाडल्या गेल्या, रस आतल्या आत गोठला; पलीकडचा रसही याच नळ्यांतून गुऱ्हाळात यायचा, तोही अडला. आजूबाजूच्या गुऱ्हाळांतून रस आटवल्याची वाफ निघत होती आणि यांची काहील थंडगार.

त्या रविवारी त्यांच्या अंगणात, आदल्या वर्षीचा उरलेला पाक गरम करून बर्फावर ओतलेला खायला गावातली माणसं जमली. शेजारचा गास्पार तोंडाळ. कोराली लग्न होऊन आली तेव्हा भरल्या गुऱ्हाळात तो म्हणाला होता, ‘सूनबाई, स्टूल आणू का? नाहीतर काहिलीत पडायचीस!’ बुटकेपणावरचं ते हसू तिच्या कानातून अजून गेलं नव्हतं. त्या दिवशी त्याने ओनिलना धरलं.

‘काय रे ओनिल, यंदा गुडघ्यावर बसून भोकं पाडलीस की काय?’

लोक खो खो हसले. कोराली तान्ह्या पोरीपायी कित्येक रात्री धड झोपलेली नव्हती. ती हसली नाही; सासऱ्यांवर कडाडली.

‘हात वर जात नसेल तर सांगायचं ना, बाबा! लपवायचं कशाला? गेला ना सगळा रस!’

ओनिल बर्फावर पाकाची धार सोडत होते. त्यांनी ती तुटू दिली नाही. धार संपल्यावर म्हणाले, ‘अलीकडचं आता तुलाच बघायचंय, पोरी. पलीकडे जाऊ नकोस. ते रेमीचं.’

तिला तो टोमणा वाटला. कारभार सुनेने बळकावला, असंच जणू ते म्हणाले.

त्यानंतर तिने गिरमिट कुलपात ठेवलं. आणि आणखी एक केलं, ते कुणाला कळलं नाही. फ्लावी तेव्हा तीन महिन्यांची होती. ओनिल हात पुढे करायचे. ‘आण गं इकडे.’ कोराली म्हणायची, ‘आत्ताच डोळा लागलाय.’ कधी म्हणायची, ‘भूक लागलीय तिला.’ जो हात गिरमिट उचलू शकत नाही, त्या हातावर तान्हं बाळ ठेवायचं कसं? निसटलं तर?

‘माझी पाळी आली की ही पोर बरोबर झोपते बघ,’ ते एकदा हसून म्हणाले. पुढे त्यांनी हात पुढे करणं सोडलं. उन्हाळ्यात लेकीकडे शहरात राहायला गेले. ऑक्टोबरात तिथेच, झोपेत गेले.

दुपार कलली तेव्हा अलीकडची झाडं संपली. शनिवारपर्यंत थांबलं तर पलीकडचा पहिला रस हातचा जाणार. कोरालीने बर्फावरचे पसरट जोडे घट्ट केले, फ्लावीची टोपी कानांवर ओढली आणि पहिल्यांदाच ओढा ओलांडला. बर्फ इकडेही तेवढाच होता.

पहिल्या झाडाशी तिने मागच्या वर्षीचं भोक शोधलं. ते सापडलं की वीतभर बाजूला नवं पाडायचं. छातीशी भोक नव्हतं. कमरेशी नव्हतं. म्हणजे म्हाताऱ्याला इकडचं झेपलंच नाही, तिच्या मनात आलं. मग तिने मान वर केली. नळी डोक्यावरून जात होती. तिच्याही वर खोडात वर्षभरापूर्वीचं भोक होतं, कडा अजून मिटायच्या होत्या. कोराली चवड्यांवर उभी राहिली, हात ताणला. बोट पोचलं नाही.

दुसरं झाड. तिसरं. सगळीकडे तसंच. रेमीचा हात सहज जाईल इतकं उंच.

तिने वळून ओढ्याअलीकडे पाहिलं. तिकडे नळ्या झाडाझाडांतून खालून गेल्या होत्या. तिच्या मापाने. सकाळपासून तिला एकदाही शिडी लागली नव्हती.

पाठीवर फ्लावी जागी होऊन चुळबुळ करू लागली. कोराली त्या उंच भोकाकडे बघत राहिली. एवढा वर जात होता सासऱ्यांचा हात. त्या हातात तिने आपली लेक एकदाही दिली नव्हती.