आबा, फोन उचला की वो!

"अपडेट करू का म्हणून फोन रोज इचारतो, मी रोज 'नंतर' दाबतो. मला इचारल्याबिगर तो काय बी करत न्हाय," आप्पासाहेब कळस गावच्या पारावर सांगत होते. तेवढ्यात फोन वाजला, आणि त्यातनं बासरी निघाली.

"अपडेट झालं जनू आपोआप, आबा," शेजारचा युवराज हसला.

आप्पासाहेबांचा चेहराच उतरला. गेली चौदा वर्षं रिंग म्हणून त्यांची नात श्रेया लहानपणीच्या आवाजात बोबडं ओरडायची, "आबा, फोन उचला की वो!"

त्यांनी बारामतीला हॉस्टेलवर फोन लावला. "पोरी, तुझा आवाज गेला बघ. परत एकदा तसंच वरड की."

श्रेयानं लगेच बोलून पाठवलं, "आजोबा, तुमचा फोन वाजतोय."

"ही कोन बाई?" आप्पासाहेब म्हणाले.

शेवटी तिनं आईच्या जुन्या मोबाइलमधनं ते बोबडं ओरडणं शोधलं. युवराजनं ते रिंगला लावून दिलं.

दुसऱ्या दिवशी आप्पासाहेबांच्या उसात तोडीची टोळी पाठवायला कारखान्यातनं तीनदा फोन आला. आप्पासाहेबांनी तिन्ही वेळा तो शेवटपर्यंत वाजू दिला.

टोळी युवराजच्या उसात गेली.