झाकणावरचे थेंब

तेत्सुजी टोळीत शिरला आणि घर सोडून गेला. तेव्हापासून त्याची आई किनू रोज त्याचं पान मांडायची. दूर गेलेल्या माणसाच्या सुपाच्या वाटीवरचं झाकण उचलावं, आतून थेंब जमलेले दिसले की तो जिवंत आहे, असं कावासाकीच्या त्या गल्लीतल्या सगळ्या बाया मानायच्या.

परवा पुलाखाली दोन टोळ्या भिडल्या. तेत्सुजीने घर सोडून दुसऱ्या टोळीत गेलेल्या शेजारच्या योशिरोवरच सुरा चालवला आणि पळाला. एकाच अंगणात वाढलेली पोरं ती.

आज किनू पान मांडत होती, तेवढ्यात योशिरोची आई मात्सुए काळ्या किमोनोत आत आली आणि समोर बसली. किनूला मान वर करवेना.

"वाढलंस त्याला?"

"हो."

"उघड बघू झाकण."

किनूने भीतभीत झाकण उचललं. आतून थेंबच थेंब.

"आहे गं, आहे माझं पोर," तिच्या तोंडून निघून गेलं. मग समोर कोण बसलंय याचं भान आलं आणि ती घाईघाईने बाहीने झाकण पुसायला लागली.

मात्सुएने तिचा हात धरला.

"राहू दे. परवा माझ्याही झाकणाला असेच होते. पोलीस दारात उभे राहून सांगत होते, तुमचा मुलगा गेला. आणि मी वेडी त्यांना थेंब दाखवत होते."