फुलीच्या मधल्या रेघा

मत्सराला उघड पाप करावे लागत नाही. बोलायच्या वेळी मौन धरले, तरी त्याचे कार्य साधते.

गावाच्या पंपघरातील मुख्य स्विच बंद करून तुळशीराम विजेच्या पेटीसमोर बसला होता. मांडीवर वायरमन गंगाधरअण्णांचा पेचकसांचा संच उघडा होता. अण्णांनी मृत्यूपूर्वी तो या धाकट्या शिष्याला दिला आणि चौदा वर्षे त्यांच्याजवळ राबलेल्या सदानंदाच्या अंतःकरणात ते शल्य रुतून बसले.

तुळशीरामाने साध्या फुलीचा पेचकस उचलला. टर्मिनलच्या स्क्रूवर मात्र फुलीच्या मध्ये चार बारीक रेघाही होत्या. साधे टोक निसटणार, स्क्रूचे डोके झिजणार, वायर सैल राहून जळणार आणि गाव पाण्यावाचून बसणार, हे शेजारी उभ्या असलेल्या सदानंदाला दिसत होते. तो बोलला नाही.

"दादा, बघ की जरा, हाच ना?" तुळशीराम म्हणाला. "मला अजून टोक ओळखू येत नाही. म्हणून तर अण्णांनी सगळा संच गळ्यात घातला. म्हणाले, 'तू चुकत चुकत शिकशील. सदाच्या बोटांनाच कळतं.'"

"कधी म्हणाले?"

"संच देताना. तुला नाही बोलले?"

सदानंदाने रेघांच्या टोकाचा पेचकस निवडून त्याच्या हाती ठेवला. टोक जराही न डुगडुगता बसले.

"आधी दाब, मग फिरव, गाढवा," तो म्हणाला. आवाज थेट अण्णांसारखा निघाला.

ज्याला संच मिळाला त्याचे, आणि ज्याला उशिरा कळले त्याचेही, कल्याण असो.