तिसऱ्या अंकातली म्हातारी

“थांब, ते परत वाच,” सासूबाई म्हणाल्या.

सुनेनं परत वाचलं. नाटकातली बायको पाहुण्यांना म्हणते, बागेतून चार फुलं घेऊन येते हं, आणि मागच्या दारानं बाहेर पडते.

दुपार कलली होती. सासूबाईंच्या डोळ्याचं ऑपरेशन झाल्यापासून खोलीचे हिरवे पडदे ओढलेलेच असत, आणि त्यातून झिरपणाऱ्या उजेडात पलंग, कपाट, खुर्ची सगळं पाण्याखाली असल्यासारखं दिसे. डोळ्यांत थेंब घातले की सासूबाई काळा चष्मा लावून पडून राहत आणि सून वाचून दाखवी. वाचता वाचता दोघी तरंगत कुठल्या कुठे जात. सुनेचा नवरा दौऱ्यावर होता, म्हणून घरात एवढा तरी आवाज निघत होता.

तो कधी हात उगारत नसे की आवाज चढवत नसे. तो फक्त बोलणं बंद करी. टॉवेल भलत्याच खुंटीवर दिसला, धरला अबोला. सुनेनं चष्म्याच्या दुकानात नोकरी धरली तेव्हा तर सबंध हिवाळा त्यानं तोंडाला कुलूप लावलं. लोक म्हणत, किती शांत माणूस! शांत कसला डोंबलाचा? अख्खं घर गारठवून ठेवणारा माणूस तो.

आता त्या दुकानाची दुसऱ्या गावी शाखा निघत होती आणि मालकीणबाईंनी सुनेला तिकडे बोलावलं होतं. राहायला दुकानाच्या वरच्याच खोल्या. उद्या सकाळच्या गाडीनं निघायचं, नाहीतर जागा दुसरीला. नवऱ्याला सोडायची तिच्या मनाची तयारी कधीच झाली होती. जीव अडकला होता तो पलंगावरच्या या बाईत. लग्न होऊन आल्यापासून या घरात तिच्याशी माणसासारखं बोललेलं हे एकच माणूस.

सरळ सांगायचा धीर होईना, म्हणून तिनं वाचनालयातून हे जुनं नाटक आणलं. शेवट तिला जवळजवळ पाठच होता. पहिल्यांदा वाचला तेव्हा ती दुकानाच्या मागच्या खोलीत बसून रडली होती. आईंना नाटकातली बायको पटली, तर आजच सगळं सांगून टाकायचं, असं तिनं ठरवलं होतं.

“पुढं?”

ती वाचत गेली. पाहुणे वाट बघतात. ताटातलं अन्न निवत जातं. नवरा हसून वेळ मारून नेतो. बागेचं दार वाऱ्यानं हलत राहतं. मग कोपऱ्यात लोकर गुंडाळत बसलेली नवऱ्याची म्हातारी आई, जिनं अख्ख्या नाटकात तोंड उघडलेलं नाही, मान वर करते आणि विचारते, “आली नाही का ती अजून?”

पडदा.

सुनेला वाटलं, आपणच त्या बागेत उभ्या आहोत, पायाखाली ओलं गवत आहे आणि खिडकीतून आत बसलेली माणसं लहान लहान दिसताहेत.

“झालं?” सासूबाईंनी विचारलं.

“झालं.”

“हा काय शेवट म्हणायचा?” त्या ताडकन उठून बसल्या.

“आई, सावकाश. डोळे सांभाळा.”

“डोळे गेले खड्ड्यात. अशी कशी निघून गेली ती? न सांगता?”

“सांगितलं असतं तर जाऊ दिलं असतं का कुणी?”

“अगं, निदान त्या म्हातारीला तरी सांगायचं!”

“तिला काय कमी होतं? मुलगा होता की जवळ.”

“मुलगा!” सासूबाईंनी नाक मुरडलं. “बसली ना ती तशीच कोपऱ्यात? तिचं काय होणार, याचा एवढासा तरी विचार केला का त्या बयेनं? निर्दयी आहे. मला नाही आवडली.”

सुनेला सगळं एकदम उमगलं. गेले काही दिवस आईंचं काही ना काही चाललंच होतं. थेंबांच्या जादा बाटल्या आणून ठेव म्हणाल्या. घराबाहेर पाऊल टाकत नव्हत्या, तरी चपलांचे तळ शिवून आणायला लावले. “निघालात कुठं?” असं तिनं चेष्टेनं विचारलं, तर म्हणाल्या, “घरातच पाय घसरतो गं.” काल जाड शाल काढायला लावली, बाहेर कडकडीत ऊन असताना. स्वयंपाकघरात हळू आवाजात केलेले फोन त्यांच्या कानावर गेले होते तर. आता एकेका कामानं त्या तिला बांधून घालत होत्या. तिला राग आला नाही. तिचा जीव तुटला.

“तुम्ही तिच्या जागी असतात तर?” तिनं विचारलं.

“कुणाच्या, त्या बायकोच्या? होतेच की मी. याचा बाप काय वेगळा होता? तो बोलायचा थांबला की मी कढईशी गप्पा मारायची.” सासूबाई हसल्या. “आपल्याला बाग नव्हती, एवढंच.”

सुनेनं पुस्तक मिटलं. संध्याकाळी मालकीणबाईंना नाही म्हणून कळवायचं. संपलं. दुकानावरच्या त्या खोल्या, रस्त्याकडची खिडकी, सकाळी मोठ्यानं म्हणायचं गाणं, सगळ्यावर तिनं मनातल्या मनात पाणी सोडलं. डोळे भरून आले. तिनं सासूबाईंचा हात हातात घेतला.

“आई, घाबरू नका. मी कुठंही जाणार नाहीये. तुम्हाला टाकून तर मुळीच नाही.”

सासूबाईंनी काळा चष्मा काढला. पाणावलेले डोळे मिचकावत त्या तिच्याकडे बघत राहिल्या.

“जाणार नाहीस?” त्या म्हणाल्या. “अगं, शेजारणीला सांगून सकाळच्या गाडीची दोन तिकिटं काढून ठेवलीत मी. आता काय एकटीनं जाऊ?”