बाईसाहेबांचं दुखणं

शेळीने तिसऱ्यांदा लाथ झाडली आणि बादली कलंडली. सांडायला त्यात होतंच किती, जेमतेम पेलाभर.

"अगं, उलट्या बाजूला बसलीस," गोठ्याच्या दारातल्या खुर्चीतून थोरली जाऊ म्हणाली. "दहादा सांगितलं, बाईसाहेबांना उजवीकडे बसलेलं माणूस लागतं. सुईत दोरा ओवण्याइतकं सोपं नाही ते."

धाकटीने मान खाली घातली. ती शिवणकाम करायची. कापडावर कात्री अशी चालवायची की बघत राहावं, पण गोठ्यात पाऊल टाकलं की तिचे हात दुसऱ्याच कुणाचे असल्यासारखे वागायचे.

थोरलीचा उजवा हात मात्र स्वतःचा असूनच परका झाला होता. अर्धांगाचा झटका येऊन चार महिने झाले. पाय सावरले, जीभ तर दुसऱ्याच दिवशी पूर्वीसारखी धारदार झाली, पण हात मांडीवर पडून राहिला, कुणीतरी विसरून गेलेल्या पिशवीसारखा. व्यायाम करून घ्यायला एक बाई यायच्या. त्यांनी रबरी चेंडू दिला, रोज शंभरदा दाबा म्हणाल्या. थोरलीने तो डाव्या हाताने अंगणात भिरकावला आणि मी काय रांगतं मूल आहे का, असं विचारून बाईंना वाटेला लावलं.

त्या बाई अजूनही दुपारच्या धाकटीकडे येत. कोट शिवायला टाकला होता म्हणे. झोप लागता लागता थोरलीला त्यांच्या डब्याच्या कडीचा आवाज यायचा. एका कोटाला इतकी मापं कशाला, असं तिच्या मनात यायचं, आणि डोळा लागायचा.

थोरलीने देवापुढे एक नेम धरला होता. ज्या हाताने बाईसाहेबांची धार काढली, त्या हाताने पुन्हा बादलीभर धार काढेपर्यंत दूध तोंडाला लावायचं नाही. बिनदुधाचा चहा ती तोंड वाकडं न करता प्यायची. देवाकडे दुसरं काही मागायची नाही.

आणि आता शेळीच आटत चालली होती. सकाळी दुधाने नुसता बादलीचा तळ झाकतो, असं धाकटी सांगायची. संध्याकाळचं तर थोरली स्वतःच बघत होती. चारा खाते, रवंथ करते, डोळे स्वच्छ, तरी दूध नाही.

"हे म्हणत होते," धाकटी बादली उचलत म्हणाली, "महिनाभर वाट बघू. शेवटच्या शनिवारी गिऱ्हाईक येतंय. नाहीच सुधारली तर देऊन टाकू."

थोरली डाव्या हाताने खुर्चीला रेटा देऊन उठली. मग म्हणाली, "मला तिच्याजवळ ने."

धाकटीने शेळीचं डोकं धरलं. थोरलीने डाव्या हाताने मागचा पाय पकडला. कास चाचपायला उरला तो एकच हात.

"तापलीय का हो, ताई? मला मेलीला काही कळत नाही."

थोरलीने तो परका हात खांद्यापासून ढकलत ढकलत कासेला टेकवला. कास तापलेली नव्हती. सैल होती, पण गाठ नव्हती. तळव्याला मात्र ओळखीची ऊब लागली, आणि तिने तोंड पलीकडे फिरवलं.

दोन दिवसांनी धाकटीला एका सडात कडकपणा वाटला. शेकायला हवं होतं, आणि नेमकी त्याच दिवशी तिच्या बोटात सुई गेली. चांगली जाड पट्टी बांधून ती उभी. मग गरम पाण्यातलं फडकं पिळणार कोण? थोरली पुटपुटत बादलीशी बसली. पहिल्या दिवशी पाणी नुसतं कोपरापर्यंत ओघळलं. दहाव्या दिवशी फडकं बऱ्यापैकी कोरडं निघालं.

मग धाकटीला दुधात गुठळ्या दिसल्या. पहिल्या चिळका काळ्या कापडावर घेऊन बघायला थोरलीने सांगितलं. अंगठ्याने नि पहिल्या बोटाने वर सड बंद करायचा, मग एकेक बोट मिटत खाली यायचं, ओढायचं नाही. धाकटी हटकून ओढायची. बाईसाहेब लाथ झाडायच्या. शेवटी थोरलीच चिडून, डाव्या हातात कापड धरून उजव्याने करून दाखवायची. चिळक कधी कापडावर जायची, कधी धाकटीच्या बाहीवर. गुठळी एकही दिसली नाही.

"निशाणा चुकला, ताई."

"तुझ्यापेक्षा बरा आहे."

शनिवार आला. थोरली स्वतः स्टुलावर बसली, उजव्या बाजूला. कास आज टम्म होती. तिने मनातल्या मनात देवाचं नाव घेतलं आणि दोन्ही हात घातले. धार आधी बादलीच्या पत्र्यावर वाजली, मग आवाज दाट होत गेला. उजवा हात मागे पडायचा, थरथरायचा, पुन्हा मिटायचा. फेस काठाशी आला तेव्हा ती घामाने भिजली होती. बाईसाहेबांनी पाय उचललासुद्धा नाही.

"बघितलंस, धाकटे? जनावराला हात कळतो. शिवणयंत्र नाही ते."

"तुमच्यापुढे मी काय, ताई," धाकटी म्हणाली.

गिऱ्हाईक काही आलं नाही. आलं असतं तर थोरलीने त्याला बादलीच दाखवली असती. तिने देवापुढे हात जोडले. इतक्या दिवसांनी दोन्ही तळवे एकमेकांना भेटले. मग तिने दुधाचा चहा घेतला, कप उजव्या हाताने उचलून. दोन थेंब सांडले. तेही तिला गोड वाटले.

कप ठेवायला ती भिंतीच्या आधाराने स्वयंपाकघरात गेली. मागच्या दारापलीकडे डब्याची कडी वाजली. व्यायामवाल्या बाई आज उशिरा आल्या होत्या.

"आज डबा रिकामाच न्या," धाकटी दबक्या आवाजात सांगत होती. "दुपारची धार काढलीच नाही मी. सगळं ताईंसाठी ठेवलं."

"म्हणजे मूठ मिटते आता?"

"मिटते, पिळते. कपसुद्धा धरला. बाईसाहेब एकदाच्या सुटल्या. उलट्या बाजूला बसून उगाच छळलं बिचारीला."

बाई हसल्या. "आता बोटांची ताकद राहिली. पुढचं दुखणं कुठलं काढणार?"

"खुरं," धाकटी म्हणाली. "सोमवारपासून लंगडायला लागेल. खुरं कापायची कात्री चालवायला माझ्या हातात कुठली ताकद?"