एकोणिसावा दिवस

टबाच्या तळाशी पांढरे दाणे होते. गौरांगनं बूट न काढताच बाही वर सारली, एक दाणा बोटावर घेतला आणि जिभेला लावला. जाडं मीठ. स्वयंपाकघरातलं.

मासा हीटरच्या मागे कलंडून पडला होता. कल्ले भराभर हलत होते. नारिंगी अंगावरचे पांढरे पट्टे तेवढे ठळक दिसत होते.

गौरांगनं खारेपणा मोजायची छोटी दुर्बीण खिडकीकडे धरली. सकाळी कारखान्यात जाताना रेघ बारावर होती. आता अठरावर. त्यानं काच पुसून पुन्हा पाहिलं. अठराच.

"आई."

कमलिनीबाई कीर्तनाला निघाल्या होत्या. बरखेड्याच्या देवळात सप्ताह चालू होता, आणि पूर्वरंग चुकला की त्यांना अर्धपोटी उठल्यासारखं वाटे. पदर सारखा करत त्या मागच्या खोलीत आल्या.

"टबात मीठ कुणी टाकलं?"

"मी. दुपारी." त्यांचा चेहरा उजळलेला होता. "आज द्वादशी. म्हटलं, पारणं करून टाकू त्याचं. दोन आठवडे झाले, अंगावर एक डाग नाही. चष्मा लावून बघितलं मी."

"पारणं?"

"अरे, तू त्याचं मीठ कमी केलंस ना, त्या दिवसापासून मीही सोडलं होतं. अळणी व्रत. तो बरा होईस्तोवर. आज वरणभात मीठ घालून जेवले. मग त्यानं एकट्यानंच का अळणी राहायचं?"

गौरांगनं डोळे मिटून घेतले. "किती टाकलंस?"

"दोन मुठी."

"दोन?"

"एक त्याची. एक तिची."

ती, म्हणजे जोडीतली मादी, महिन्यापूर्वी याच रोगानं गेली होती.

"आई, कमी मीठ हेच औषध आहे गं." त्याचा आवाज चढला. "तो किडा कमी मिठात जगत नाही, मासा जगतो. डाग गेले म्हणजे किडा गेला असं नसतं. तो अंगावरून खाली उतरतो, तळाशी कोष करून बसतो आणि एकाचे शेकडो होऊन परत चढतो. म्हणून तीस दिवस ही रेघ हलू द्यायची नाही. एक दिवसही नाही. आज एकोणिसावा होता."

"मला कुणी सांगितलं नाही."

"भिंतीवर लिहून लावलंय."

"भिंतीवर इंग्रजीत लावलंय."

विनिता हातात डाव घेऊन दारात आली होती. "मलाही वाटलं, झाला बरा," ती नवऱ्याला म्हणाली. "दुपारपर्यंत एकदम बढिया फिरत होता."

"फिरत होता, कारण पाणी बरोबर होतं. एकदम एवढं मीठ चढलं तर दुसरं काय होणार?" गौरांगनं हातातली दुर्बीण टेबलावर आपटली. "अख्ख्या भोपाळात समुद्रातल्या माशाला हात लावेल असा डॉक्टर मला सापडला नाही. दुकानदार गोड्या पाण्यातले मासे दाखवून म्हणतो, साहब, मीठे पानी की रख लो, झंझट ही खत्म. सेक्शनमध्ये सगळे मला मछली बाबू म्हणतात. रोज पहाटे उठून मी थेंबाथेंबानं पाणी बदलतोय, आणि घरातच कुणाला कळू नये? डाग दिसेनासे झाले की रोग गेला, असं कोण समजतं?"

कमलिनीबाईंनी भिंतीवरच्या कागदाकडे पाहिलं.

"मग तिला तू चौथ्या दिवशी हॉलमधल्या टाकीत परत का सोडलंस?"

त्यात टोमणा नव्हता. त्यांना खरंच कळत नव्हतं.

विनिता आत निघून गेली. तिला सोडलं तेव्हा डाग गेल्याचा फोटो काढून गौरांगनं सगळ्या नातेवाइकांना पाठवला होता.

मग त्यानं वाकून बूट काढले. कोपऱ्यातली प्लॅस्टिकची नळी टबात सोडली, दुसरं टोक तोंडात धरून ओढलं. खारट पाणी बादलीत पडू लागलं.

"फिल्टरचं पाणी आण," तो म्हणाला. "पांढऱ्या कॅनमधलं. आणि एक पेला."

त्या कॅन घेऊन आल्या तोवर देवळाचा भोंगा सुरू झाला होता. पेटीचा सूर लागला, बुवांनी नमन धरलं.

"तू जा. सुरू झालं तुझं."

"ऐकू येतंय," कमलिनीबाई म्हणाल्या, आणि कीर्तनासाठी नेसलेल्या साडीनिशी ओल्या फरशीवर बसल्या.

तो पाणी काढत होता, त्या पेल्यानं घालत होत्या. एकदा तो "हळू" म्हणाला, तेव्हा त्यांनी पेला अर्धाच भरायला सुरुवात केली. रेघ पंधरावर आली. मग तेरावर. पूर्वरंग संपून बुक्का लावायची वेळ झाली तेव्हा ती बारावर टेकली. मासा हीटरमागून बाहेर आला नाही, पण सरळ झाला होता.

गौरांगनं भिंतीवरच्या कागदावरच्या एकोणीस खुणा खोडल्या आणि खाली आजची तारीख लिहिली.

"आता तीस कधी होतील?" कमलिनीबाईंनी विचारलं.

त्यानं बोटांवर मोजून तारीख सांगितली.

"आणि त्या दिवशी डाग नसला तर सोडायचं?"

"हो."

त्यांनी रिकामा पेला पदरानं पुसला. टबाकडे बघत थोडा विचार केला.

"त्या दिवशी आपल्या दोघांनाही घाई झालेली असेल," त्या म्हणाल्या. "आणखी एक दिवस थांबू."