गाडी आत येईल एवढा रस्ता

पालिकेच्या सभागृहातले दिवे मालवले आणि भिंतीवर काकूंची गल्ली उमटली. वरून काढलेला फोटो. पत्रे, गच्च्या, टाक्या. एका गच्चीवर वाळत घातलेली आपलीच निळी चादर काकूंनी ओळखली. मग इंजिनिअरने बटण दाबलं आणि गल्लीच्या उजव्या बाजूवरून एक तांबडा पट्टा सरसरत खाली उतरला.

काकूंचं घर डाव्या बाजूला. सुतारभाऊजींचं बरोबर समोर, उजवीकडे. पट्टा त्यांच्या पुढच्या दारातून शिरला आणि मागच्या मोरीतून बाहेर पडला.

"डाव्या हाताला जमिनीखालून पाण्याची मोठी लाईन गेलीय," इंजिनिअर म्हणाला. "त्यामुळे रुंदीकरण उजवीकडूनच करावं लागेल." करावं लागेल, असं म्हणाला की जणू त्याच्याच जिवावर आलं होतं.

आजच्या सुनावणीत हरकत मांडायला गल्लीने काकूंनाच पुढे केलं होतं. शिवणाचं मशीन चालवून पोट भरणारी बाई. पण नळ कोरडा पडो की खांबावरचा दिवा जावो, पालिकेत जाऊन भांडायचं ते काकूंनीच. गल्ली त्यांना चेष्टेने 'बिनपगारी नगरसेविका' म्हणे. आज चेष्टा कोणाला सुचत नव्हती. मागच्या बाकांवर उजव्या बाजूची सगळी घरं येऊन बसली होती, गल्लीत आहेत त्याच क्रमाने.

"प्रत्येकाला तीन मिनिटं," अध्यक्षबाई म्हणाल्या. "बेल वाजली की बसायचं."

काकू माईकपाशी गेल्या. "हा रस्ता आमच्यासाठी नाहीच. आमच्या पाठीमागे टॉवर उठतायत, त्यांच्या गाड्यांसाठी आमची घरं..."

"काकू, एक मिनिट." इंजिनिअर मवाळपणे म्हणाला. याच्याच टेबलासमोर काकूंनी चपला झिजवल्या होत्या. तो ओळखीचं हसला. "रस्ता रुंद करा म्हणून तुम्हीच तर आमच्या मागे लागला होतात ना? किती वर्षं! ते वरच लिहिलंय आम्ही."

खरंच लिहिलं होतं. तांबड्या पट्ट्याच्या वर, ठळक अक्षरात: स्थानिक रहिवाशांच्या मागणीवरून.

मागची बाकं करकरली. "घ्या! म्हणजे आपल्याच माणसाने घर दाखवलं यांना," कोणीतरी म्हणालं. हळू म्हणालं, पण सगळ्यांना ऐकू जाईल इतपत.

"मी गाडी आत येईल एवढा मागितला होता," काकू म्हणाल्या. "एकच गाडी. ॲम्ब्युलन्स."

माईकचा दांडा धरून त्या भिंतीवरची ती ओळ पुन्हा पुन्हा वाचत राहिल्या, आणि उरलेला वेळ तसाच संपला. बेल वाजली.

"पुढचे?"

सुतारभाऊजी उठले. सगळा जन्म लाकडाशी बोलण्यात गेलेला माणूस. काय बोलायचं ते काकूंनीच काल त्यांच्याकडून पुन्हा पुन्हा म्हणवून घेतलं होतं: पुढच्या खोलीत दुकान, मागच्या खोलीत संसार. दोन्ही एकदमच जाणार. शहराबाहेर जागा देताय, तिथे गिऱ्हाईक कोण येणार? भाऊजींना ते आता पाठ झालं होतं. येताना ते वाटभर पुटपुटत आले होते.

त्यांनी माईक दांड्यावरून काढून हातात घेतला, परत लावला, पुन्हा घेतला.

"यांच्या मिस्टरांना दवाखान्यात न्यायचं होतं," काकूंकडे हात करून ते म्हणाले. "भर दुपारची वेळ. ॲम्ब्युलन्स कोपऱ्यावर येऊन अडकली. आत येईना. मग आम्ही त्यांना खुर्चीत बसवलं. खुर्ची गिऱ्हाइकाची होती, पण जवळ तीच होती. पुढून मी धरली, मागून माझा धाकटा."

"घराचं बोला," मागून त्यांची बायको दबक्या आवाजात म्हणाली.

"वळणावर खुर्ची तिरकी करावी लागली. तेव्हा ते मला म्हणाले, अहो, पॉलिश ओलंय, हाताला लागतंय." भाऊजी थांबले. "त्यांना खुर्ची खराब होण्याची काळजी. कोपऱ्यापर्यंत पोचलो, तोवर ते गेले होते."

"अहो, घराचं! घराचं बोला ना!"

इंजिनिअर बोटातलं पेन फिरवत होता. भाऊजींनी त्याच्याकडे पाहिलंच नाही. ते वळून मागच्या बाकांकडे बघत होते.

"तेव्हा आपण सगळ्यांनीच वहिनींना म्हटलं, जा, पालिकेला सांगा. म्हणून त्या आल्या. रस्ता पाहिजेच होता. आता त्यांना कोणी नावं ठेवायची नाहीत. त्यांचं काही चुकलेलं नाही."

"बरं," अध्यक्षबाई म्हणाल्या. "आणि तुमची हरकत?"

"हां. माझं. माझं दुकान पुढच्या खोलीत..."

बेल वाजली.

भाऊजींनी बेलकडे पाहिलं, मग अध्यक्षबाईंकडे. मग माईक जागेवर ठेवला. कारकुनाने पुढचं नाव पुकारलं. मागच्या बाकावर त्यांच्या बायकोने पदराने तोंड झाकून घेतलं होतं. तिच्याकडे जायला त्यांचे पाय वळेनात. ते पुढेच, काकूंच्या बाकापाशी येऊन उभे राहिले.

"जरा सरकता का, वहिनी?"

काकू सरकल्या. एका माणसाला जेवढी जागा लागते, त्याहून कितीतरी जास्त.